मंद पडदा कीं मंद दृष्टि?

एखादी वस्तु नीट दिसेनाशी झाली म्हणजे दोष वस्तूचा, प्रकाशाचा, कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा, हा प्रश्न फार जुना आहे. दोरीच्या ठिकाणीं भासणारा सर्प आणि शिंपेच्या ठिकाणीं भासणारें रुपें यांचा जो ऊहापोह आमच्या दर्शनकारांनीं केला, तो याच प्रश्नाच्या पोटीं. ती चर्चा आतां ग्रंथांतच उरली आहे असें कोणास वाटेल. परंतु वाशीम जिल्ह्यांतील अनसिंगसारख्या गांवीं ती शेताच्या धुऱ्यावर नव्यानें उपस्थित होते, आणि तिचें निमित्त खिशांतला स्मार्टफोन हें असतें.

इ. स. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली. पूर्वीं तलाठ्याकडे असलेली पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः वावरांत उभें राहून, मोबाईलवर पिकाचें छायाचित्र घेऊन करावी, अशी ही योजना. ज्याचें पीक त्याचीच साक्ष, हें तिचें तत्त्व कोणासही मान्य व्हावें. आतां वाचकांनीं अशी कल्पना करावी कीं, सोयाबीन कंबरेइतकें वाढलें आहे, पाऊस उघडून लख्ख ऊन पडलें आहे, आणि सत्तरीचा एक शेतकरी बंडीच्या खिशांतून फोन काढून बटण दाबतो. स्क्रीन जागी होते, पण इतकी मंद कीं तीवर अक्षर आहे कीं नाहीं हेंच कळूं नये. तो हाताची सावली करतो, फोन तिरपा धरतो, डोळे बारीक करतो. तेवढ्यांत नातू म्हणतो, "आबाजी, आतां तुमाले दिसत नाहीं, आना इकडे." फोन हातांतून जातो, नोंदही होते, पण त्याबरोबर एक निकालही लागलेला असतो. आबाजींचे डोळे गेले, असा तो निकाल. विशेष हें कीं, खुद्द आबाजींनाही तो पटतो.

हा निकाल कितपत खरा आहे? फोनच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ, प्रकाश मोजणारा एक बारीक संवेदक असतो. भोंवतालीं उजेड किती आहे हें पाहून तो स्क्रीनचें तेज ठरवितो. भर दुपारच्या उन्हांत सुमारें एक लाख लक्स इतका प्रकाश असतो, घरांतल्या खोलींत कांहीं शें, आणि खिशांत जवळजवळ शून्य. खिशांतून निघालेला फोन जागा होतो तेव्हां त्याच्या लेखीं जग अजून खिशाइतकेंच काळोखें असतें. शिवाय झाडाच्या प्रत्येक सावलीबरोबर स्क्रीन लुकलुकूं नये म्हणून तेजाचा हा बदल मुद्दाम सावकाश होईल अशी योजना असते. म्हणजे यंत्र बिघडलेलें नसतें. तें मागल्या काळोखावरून पुढल्या उजेडाविषयीं मत बनवीत असतें. ही खोड केवळ यंत्राची आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

परंतु कारण हेंच असेल असें तरी कशावरून? येथें आमच्या न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची कसोटी उपयोगी पडते. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत जवळजवळ हीच रीत निराळ्या नांवांनीं मांडली आहे. तिचें मर्म एवढेंच कीं, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. प्रथम कांहीं क्षण थांबावें. स्क्रीन आपोआप उजळत गेली तर संशय संवेदकाकडे जातो. मग फोनची वरची कड पुसावी, तीवर आलेलें कव्हर किंवा जाड स्क्रीन गार्ड दूर करावें. त्यानंतर स्वयंचलित ब्राइटनेस बंद करून पट्टी शेवटपर्यंत न्यावी, फोन निजवून पुन्हां जागा करावा. आतां तेज टिकलें तर अपराधी सांपडला. न टिकल्यास बॅटरी वांचविण्याची किंवा स्क्रीन जादा मंद करण्याची सोय चुकून चालू आहे काय, हें पाहावें. उष्णतेचाही विचार केला पाहिजे. ॲपल कंपनी आपला फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेंत वापरावा असें सांगते, आणि आमच्या वऱ्हाडचा उन्हाळा ४० अंश सहज ओलांडतो. तापलेला फोन स्वतःला जपण्यासाठीं तेज कमी करतो व सावलींत निवल्यावर पूर्ववत् होतो. इतकें करूनही अंधार राहिला, तरच दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढावी. आबाजींच्या डोळ्यांचा क्रम या यादींत कोठें लागतो, हें वाचकांनींच ठरवावें.

यावर कोणी म्हणेल कीं, म्हातारपणीं दृष्टि मंदावते हें काय खोटें? खोटें नाहीं. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, आंतलें भिंग पिवळसर होतें, आणि विशीच्या तरुणाच्या मानानें साठीच्या मनुष्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. मोतीबिंदु असेल तर तपासणी व उपचार झालेच पाहिजेत. परंतु या सत्यावरून निघणारें अनुमान नातवाच्या अनुमानाच्या अगदीं उलट आहे. ज्याच्या डोळ्यांत प्रकाश कमी शिरतो त्यास अधिक तेज दिलें पाहिजे. त्याच्या हातांतून फोन काढून घेणें हा त्याचा उपाय नव्हे. तशी सोयही झालेली आहे. २०१८ सालीं आलेल्या नवव्या अँड्रॉइडपासून पुष्कळ फोनांत अशी योजना आहे कीं, स्वयंचलित ब्राइटनेस चालू असतां मनुष्यानें पट्टी वारंवार वर सरकविली, तर यंत्र त्याची आवड लक्षांत ठेवतें. यंत्र शिकावयास तयार आहे. पण पट्टी आबाजींच्या बोटानें सरकली तरच तें आबाजींचें शिकेल. नातवाच्या बोटानें सरकली तर नातवाचें.

आम्हांस येथें खरा नैतिक प्रश्न दिसतो. यंत्रानें आपल्या वतीनें तारतम्य ठेवावें यांत स्वतः वाईट कांहीं नाहीं; रात्रीं डोळे दिपत नाहींत आणि बॅटरी पुरते, हे त्याचे उपकारच होत. दोष आहे तो निर्णय मुकाट्यानें होतो यांत. घरांतील कारभाऱ्यानें दिव्याची वात खालीं केली तर तो निदान समोर दिसतो, त्यास जाब विचारतां येतो. येथें वात कोणी खालीं केली हेंच कळत नाहीं, आणि जेथें कर्ता दिसत नाहीं तेथें दोष जवळच्या सर्वांत दुबळ्या मनुष्याच्या माथीं बसतो. अशा वेळीं कारण शोधण्याचा कंटाळा ही केवळ बुद्धीची उणीव राहत नाहीं. ती अन्यायाची पहिली पायरी होते. एकदां आपले डोळे गेले असें मानलेला मनुष्य पुढच्या वेळीं फोन खिशांतून काढतच नाहीं. मग त्याचें पीक दुसरा नोंदवितो, बँकेचा संदेश दुसरा वाचतो, आणि हळूहळू त्याच्या वतीनें मतही दुसराच देऊं लागतो.

एका स्क्रीनवरून एवढी मोठी इमारत उभारणें कित्येकांस अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु मनुष्याचा अधिकार एकदम हिरावला जाण्याचे प्रसंग विरळा. तो बहुधा अशा बारीकसारीक, सदिच्छेनें केलेल्या सोयींतूनच ओसरतो. त्या नातवाच्या मनांत दुष्टावा मुळींच नाहीं. त्यास मदतच करावयाची आहे, आणि ती करण्याचा अधिक चांगला मार्ग त्याच्या हातांत आहे. फोन आबाजींच्याच हातीं ठेवून त्यानें शेजारीं उभें राहावें, पट्टी कोठें असते तें दाखवावें, आणि त्यांचें बोट तीवरून सावकाश सरकूं द्यावें. यास दोन मिनिटें अधिक लागतील, आणि सोयाबीन तेवढा वेळ खुशाल वाट पाहील.