भिंतीपलीकडचा श्रोता

वाचकहो, घरात एखादी नवी वस्तू आली की आपण तिची किंमत विचारतो, ती कोठे ठेवावी याची चर्चा करतो आणि ती किती वर्षे टिकेल याचा अंदाज बांधतो. ती वस्तू आपल्याला कोणते नवे सामर्थ्य देते आणि त्या सामर्थ्याबरोबर कोणते नवे कर्तव्य आपल्या पदरी येते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आजच्या काही सुस्थितीतील घरांत दिसणाऱ्या एका वस्तूच्या निमित्ताने हाच प्रश्न आपल्यापुढे मांडावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे जमिनीवर उभे राहणारे बिनतारी स्पीकर.

पूर्वी घरात चांगले संगीत ऐकावयाचे तर टेपरेकॉर्डर वा रेकॉर्ड प्लेअर, निराळा अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे असा मोठा संसार मांडावा लागे. आता अॅम्प्लिफायर स्पीकरच्या पोटातच बसविलेला असतो आणि गाणे हातातल्या फोनवरून हवेतून त्याच्याकडे जाते. बिनतारी म्हटले तरी प्रत्येक स्पीकरला विजेची तार लागतेच. पण तेवढी सोडली तर दिवाणखान्यात दोन सडपातळ खांबांवाचून दुसरे काही दिसत नाही. इंग्लंडमधील केईएफ या कंपनीने २०२२ साली बाजारात आणलेल्या अशा एका जोडीचे उदाहरण घ्या. तिच्या खांबाची पुढील बाजू अवघी १३ सेंटिमीटर रुंद आहे. परंतु एकेका खांबातील अॅम्प्लिफायरांची एकत्रित शक्ती ७०० वॅट आहे. वस्तू जितकी नाजूक दिसते तितके तिचे बळ नाजूक नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

माणसाच्या कंठाला निसर्गानेच एक मर्यादा घातली आहे. पेटी-तबल्यावर कितीही रंगून गाणी म्हटली, तरी काही वेळाने दम लागतो, हात दुखतात, घसा बसतो आणि गाणारा थांबतो. गाणाऱ्याला श्रम पडतात म्हणून ऐकणाऱ्याला विश्रांती मिळते. यंत्राला दम लागत नाही. अंगठ्याच्या एका हालचालीसरशी आवाज दुप्पट होतो आणि तो वाढविणाऱ्याला कसलेही श्रम पडत नाहीत. म्हणजेच जी मर्यादा पूर्वी शरीराने सांभाळली, ती आता मनाने सांभाळावयाची आहे. या सबंध विषयाचे मूळ येथेच आहे.

याचा अर्थ अशी वस्तू घरात आणणे चुकीचे आहे, असे मुळीच नव्हे. संगीत ही देणगी आहे आणि ते नीट ऐकण्याची इच्छा निर्दोष आहे. किंबहुना, कानांत हेडफोन घालून बसलेल्या कुटुंबापेक्षा एकत्र बसून एकच गाणे ऐकणारे कुटुंब अधिक सुखी म्हणावे लागेल. हेडफोन कोणाला त्रास देत नाही, पण तो कोणाला काही देतही नाही. स्पीकर ही वाटून घेण्याची वस्तू आहे. पण वाटणे आणि लादणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर समोरच्याच्या संमतीने ठरते. डोळ्यांना पापण्या आहेत. नको ते दृश्य आपण टाळू शकतो. कान मात्र झोपेतही उघडेच असतात.

आता थोडे विज्ञान पाहू या, कारण येथे नीतीचा प्रश्न विज्ञानाशी जोडलेला आहे. आपल्या कानांना सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. त्यांपैकी ४,००० हर्ट्झच्या तार स्वराच्या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर असते. ४० हर्ट्झच्या मंद्र स्वराची लहर मात्र साडेआठ मीटर लांब असते. जड भिंतीला भरभर हलविणे अवघड, पण सावकाश हलविणे त्या मानाने सोपे. म्हणून तार स्वर भिंतीवर अडतात आणि मंद्र स्वर भिंतीला व स्लॅबला हलवून पलीकडे जातात. उंच उभ्या स्पीकरांची खरी मातब्बरी या मंद्र स्वरांतच असते आणि ते भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवले की ते स्वर आणखी फुगतात. खाली रबराचे तुकडे ठेवल्याने काहीसा फरक पडेल. परंतु हवेतून भिंतीला बसणारा धक्का त्याने थांबत नाही.

याचा परिणाम काय होतो तो पाहा. आपल्या खोलीत गायिकेचा श्वास, सतारीची मींड, शब्दाचा अर्थ असे सारे काही असते. साडेचार इंची भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यापर्यंत यांतले जवळजवळ काहीच पोहोचत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो केवळ धप्‌ धप्‌ असा ठोका. ना त्याला सूर, ना शब्द. आपण मेजवानी जेवतो आणि त्याच्या दारात खरकटे टाकतो, असेच म्हणावे लागेल. शिवाय हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण आपल्या कानांत गाणे असते.

येथे आपल्या नेहमीच्या सुवर्णनियमाचीही कसोटी लागते. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण वागावे, हे आपण बालपणापासून शिकलो आहोत. पण स्पीकरचा मालक प्रामाणिकपणे म्हणेल, “माझ्या शेजाऱ्याने इतके गोड गाणे लावले तर मला आनंदच होईल.” तो खोटे बोलत नाही, तो अपुऱ्या माहितीवर बोलत आहे. शेजाऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना करताना त्याने आपले कानही बरोबर नेले आहेत, आपली खोली बरोबर नेली आहे. नियम पाळावयाचा तर आधी भिंतीच्या पलीकडे जावे लागते. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दोघेजण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेले आणि एकजण जवळ गेला. शेजारधर्माचा आरंभ त्या जवळ जाण्यातच आहे.

कायद्याने या बाबतीत काही केलेले नाही, असे नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असे २०१० सालच्या दुरुस्तीने ठरविले. त्याच २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे चेन्नईतील एका ख्रिस्ती मंडळीचा खटला आला होता. उपासनेतील वाद्ये व ध्वनिवर्धक यांविषयी आसपासच्या रहिवाशांची तक्रार होती. इतरांची शांती भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आपल्या समाजाने हा निकाल अवमान म्हणून नव्हे, तर आरसा म्हणून पाहावा. उपासनेला जी मर्यादा लागू आहे, ती दिवाणखान्यातील करमणुकीला लागू नाही असे कोण म्हणेल?

तथापि कायद्याच्या मापालाही एक उणीव आहे. ज्या मापाने ही मोजणी होते ते माप मंद्र स्वरांना फार कमी लेखते. ५० हर्ट्झच्या स्वरातून ते सुमारे ३० डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. मानवी कानाला क्षीण मंद्र स्वर कमी ऐकू येतात, हे त्यामागचे कारण आहे. पण रात्रीच्या निःशब्दात, बाकीचे सारे स्वर भिंतीने गाळून टाकल्यावर, नेमका तोच ठोका उरतो. आकडा नियमात बसतो आणि शेजारी जागा राहतो. जेथे कायद्याचे माप अपुरे पडते, तेथे विवेकाचे काम सुरू होते.

कोणी म्हणेल, “शेजाऱ्यांकडे मिक्सर चालतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, बाळ रात्रभर रडते, ते आम्ही सोसतो ना?” सोसावेच. पण बाळाचे रडणे कमी करण्याचे बटण आईच्या हाती नसते. आपल्या हाती ते आहे. दुसरा कोणी म्हणेल, “आजवर एकानेही तक्रार केली नाही.” तक्रार कोण करतो याचा विचार करा. भाडेकरू घरमालकापाशी करीत नाही, वृद्ध विधवा तरुण शेजाऱ्यापाशी करीत नाही, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा कामगार करीत नाही. मौन म्हणजे संमती नव्हे. पुष्कळदा ते केवळ दुर्बळाचे सौजन्य असते. परप्रांतात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांना हे मौन स्वतःच्या अनुभवाने ठाऊक असेल.

आणि शेजारी केवळ भिंतीपलीकडेच असतो असे नाही. ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती साऱ्या घराचे कान, अशी या यंत्राची व्यवस्था आहे. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, दुपारी डोळा लागलेली सासूबाई, स्वयंपाकघरात आपल्याशीच गुणगुणणारी पत्नी यांना कोणी विचारतो काय? कोणाचे गुणगुणणे थांबले, हे मोठ्या आवाजात कळत नाही.

तेव्हा वाचकहो, असे स्पीकर आपल्या घरी असतील तर अवश्य आनंद घ्या. फक्त एक गोष्ट करा. एखाद्या सायंकाळी आपले आवडते गाणे नेहमीच्याच आवाजात लावा, ते लावलेले ठेवून शेजाऱ्याचे दार ठोठवा आणि परवानगी घेऊन त्याच्या खाटेजवळ घटकाभर उभे राहा. जे ऐकू येईल तेच आपल्या संगीताचे दुसरे रूप होय. मग परत येऊन मंद्र स्वरांचे प्रमाण कमी करा, खांब भिंतीपासून थोडे पुढे घ्या, रात्री दहाची वेळ पाळा आणि केव्हा त्रास होतो तेवढे सांगत जा, अशी मोकळीक त्याला द्या. यात आपले फारसे काही जात नाही. पुढच्या खेपेस एखादे चांगले गाणे लावण्यापूर्वी त्यालाच आत बोलवावे, म्हणजे त्याच्या वाट्याला ठोका नव्हे, गाणे येईल.