शेजारी कोणाला म्हणावे?

१ जानेवारी हा आपल्या पंचांगातला वर्षारंभ नव्हे. आपला पाडवा चैत्रातला, व्यापारी मंडळींचा कार्तिकातला. नीट पाहिले तर ख्रिस्ती परंपरेतही तो निखळ धार्मिक वर्षारंभ नाही. रोमन चर्चचे उपासनावर्ष नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होते, आणि इंग्लंडसारख्या ख्रिस्ती देशात १७५१ पर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. १ जानेवारी हा नाताळापासून मोजता आठवा दिवस, बाल येशूच्या नामकरणाचा. १९६८ पासून तो शांतिदिन म्हणूनही पाळला जातो. असो. गोव्यात त्या दिवसांत ख्रिस्ती घरांतून हिंदू घरांकडे नेवऱ्या, दोदोल, बेबिंका यांची ताटे जातात, आणि चतुर्थीला व दिवाळीला तीच ताटे उलट दिशेने फिरतात. या देवघेवीला आपण शेजारधर्म म्हणतो. ख्रिस्ती धर्मात ज्या शेजारप्रीतीचा एवढा महिमा सांगितला आहे, ती हीच काय?

प्रीतीची आज्ञा मुळात येशूने नवी दिलेली नाही. आपल्याप्रमाणेच शेजाऱ्यावर प्रेम करावे हा नियम यहुदी धर्मशास्त्रात, लेवीय नामक ग्रंथात, पूर्वीपासून होता. परंतु आज्ञेने प्रेम करता येते काय, हा प्रश्न उरतोच. मनातली ओढ कोणाच्या हुकुमाने उत्पन्न होत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. त्याच्या मते आज्ञा करता येते ती भावनेची नव्हे, कृतीची. ज्याच्याविषयी मनात ओढ नाही, किंबहुना तिटकारा आहे, त्याचेही हित करणे इच्छाशक्तीच्या अधीन असते. मला हे उत्तर पटते, कारण लूकच्या शुभवर्तमानातील ज्या कथेवर ही सारी शिकवण उभी आहे, तिच्यात प्रेम हा शब्द कृतीत कसा उतरतो एवढेच पाहावयास मिळते.

कथा सर्वपरिचित आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट डोंगराळ, निर्जन आणि सुमारे हजार मीटर खाली उतरणारी. तिच्यावर लुटारूंनी एका वाटसरूला अर्धमेला करून टाकले. मंदिराचा एक याजक आला, बघून पलीकडच्या कडेने निघून गेला. मंदिराचाच सेवेकरी असा एक लेवी आला, त्यानेही तेच केले. मग एक शोमरोनी आला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या हाती दोन दिनार ठेवून, अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असे सांगितले. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची दिवसभराची मजुरी. किती रोकडा हिशेब आहे हा!

याजक का थांबला नाही, ते कथा सांगत नाही. पण याजकाने जवळच्या आप्ताखेरीज कोणाच्या प्रेताला शिवू नये, असा त्यांच्या शास्त्राचा दंडक होता. आणि रस्त्यावरचा तो माणूस मेला की जिवंत हे लांबून कळण्याजोगे नव्हते. सोवळ्याच्या मर्यादा पाळणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची अडचण चटकन समजावी. आपल्याकडे मात्र या अडचणीचे उत्तर पैठणला फार पूर्वी दिले गेले आहे. काशीहून रामेश्वराला नेण्याच्या गंगोदकाची कावड एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, असे परंपरा सांगते. तेल आणि द्राक्षारस हीदेखील यहुदी यज्ञविधीत अर्पण करावयाची द्रव्ये. दोन्ही कथांत देवाच्या कामी येणारे द्रव्य देहाच्या कामी आले, आणि दोन्ही कथांना त्यात अधर्म दिसत नाही.

परंतु या कथेची खरी धार आपल्या लक्षात सहसा येत नाही, कारण शोमरोनी म्हणजे केवळ कोणी परका असे आपण समजून चालतो. तो परका नव्हता, दुखावलेला होता. शोमरोनी लोकांचे मंदिर गरिज्जीम पर्वतावर होते. येशूच्या जन्मापूर्वी सुमारे शतकभर आधी यहुद्यांचा राज्यकर्ता व महायाजक हिर्कानस याने ते पाडून टाकले. यरुशलेमहून निघालेला तो जखमी वाटसरू ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने यहुदीच असणार. म्हणजे ज्यांनी आपले देवालय पाडले, त्यांच्यापैकी एकाच्या जखमा हा मनुष्य बांधीत होता.

हे वाचताना सासष्टीतून अंत्रूजला आलेल्या देवांच्या महाजनांना काही आठवल्यावाचून राहणार नाही. १५६० च्या सुमारास आणि त्यानंतर मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून नदीपार गेल्या. त्यांची मूळ देवळे उरली नाहीत. त्याच १५६० मध्ये गोव्यात आलेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे उठले. आणि त्याच सासष्टीत फादर स्टीफन्स यांनी संतांच्या ओवीत, मराठीत, ख्रिस्तपुराण रचले व ते १६१६ मध्ये छापले गेले. प्रीतीचा उपदेश आणि देवालयांचा विध्वंस एकाच भूमीत, एकाच राजसत्तेच्या छत्राखाली झाला. म्हणून ख्रिस्ती प्रेमाची गोष्ट निघताच आपल्यातील एखादा वडीलधारा गृहस्थ कडवटपणे हसतो, तेव्हा त्याला अनुदार म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. मात्र त्या विध्वंसाचा निवाडा करावयास बाहेरचे शास्त्र आणावे लागत नाही. त्यांच्याच ग्रंथातली ही कथा तो करते. सेवेच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा धरणाऱ्यांचाही निवाडा तीच करते. शोमरोन्याने जखमी माणसाला गरिज्जीमकडे तोंड करून प्रार्थना करावयास सांगितले नाही. तो पैसे देऊन निघून गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शोमरोन्याने यहुद्यांना क्षमा केली, असे कथेत कोठेही नाही. गरिज्जीमवरचा आपला हक्क त्याने सोडला, असेही नाही. त्या समाजाचे जे थोडे लोक आज उरले आहेत, ते अजून त्याच पर्वतावर वल्हांडणाचा यज्ञ करतात. इतिहास विसरल्याशिवाय प्रेम करता येत नाही हा समज म्हणूनच चुकीचा आहे. बेळगावच्या मराठी माणसाने १९५६ पासूनचे आपले गाऱ्हाणे न सोडताही कन्नड शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागवता येते, आणि अशी माणसे तेथे आहेत. गाऱ्हाण्याचे ठिकाण न्यायालय आणि विधिमंडळ. रस्त्यावर पडलेल्या माणसाशी त्याचा हिशेब करावयाचा नसतो.

धर्मशास्त्र्याने येशूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? प्रश्न वरवर साधा, पण त्यात कुंपण कोठे घालावे याची चौकशी आहे. कथा संपल्यावर येशूने प्रश्नच फिरवला आणि या तिघांत शेजारी कोण झाला, असे विचारले. शेजारी हा भेटत नाही, तो व्हावे लागते. ताटांच्या देवघेवीत आपण ज्यांच्याकडे जातो, ते आपले ठरलेले शेजारी. पिढ्यान् पिढ्यांची ती रीत गोड आहे, ती मोडू नये. पण आज गोव्यातल्या बांधकामांवर कर्नाटक, ओडिशा, झारखंड येथून आलेले मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना आपण भायले म्हणतो, आणि त्या शब्दातच कुंपण घालून मोकळे होतो. त्यांच्यापैकी कोणी पाडावरून पडला, तर त्याला रुग्णालयात नेणे हे ठेकेदाराचे काम, पोलिसांचे काम, सरकारचे काम, असे म्हणण्यास आपल्याजवळ आधार असतो. याजकाजवळही तो होता. कोणाला जवळपासच्या अशा एकाच खोलीतल्या माणसाचे नाव, गाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक विचारून ठेवता आला, तर नव्या वर्षासाठी एवढेही पुरे. सर्व मानवजातीवर प्रेम करण्याचा संकल्प सोडण्यापेक्षा ते अवघड आहे, कारण तेथे रात्री दोन वाजता उठावे लागण्याचा संभव असतो.

उतारशाळेच्या मालकाचे पुढे काय झाले, त्या दोन दिनारांत किती दिवस भागले, जखमी मनुष्य बरा होऊन आपल्या घरी शोमरोन्याविषयी काय बोलला, यातले काहीच लूकने लिहिलेले नाही.