संशयाचा धर्म

ज्ञानाची साधने बलवान झाली म्हणजे ज्ञात्याची जबाबदारी हलकी होते, असा एक समज यंत्रयुगाने रूढ केला आहे. त्या समजाची कसोटी पाहणारा प्रसंग २६ सप्टेंबर १९८३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या सेर्पुखोव्ह-१५ या गुप्त लष्करी ठाण्यात घडला.

अमेरिकेच्या क्षेपणास्त्रतळांवर पाळत ठेवण्यासाठी सोव्हिएत संघाने ‘ओको’ ही उपग्रहमालिका योजिली होती. अतिलंबवर्तुळाकार कक्षेतून हे उपग्रह पृथ्वीच्या कडेकडे तिरप्या दृष्टीने पाहत, जेणेकरून उड्डाणाची धगधगती ज्वाळा अवकाशाच्या काळोखावर स्पष्ट उमटावी. त्या रात्री प्रथम एक आणि पाठोपाठ आणखी चार क्षेपणास्त्रे निघाल्याची वर्दी यंत्राने दिली. दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडल्यास महिनाही लोटला नव्हता, उभय राष्ट्रांची मने संशयाने पेटलेली होती, आणि क्षेपणास्त्रास येऊन पोहोचण्यास अर्धा तास पुरेसा होता. पहाऱ्यावरील अंमलदार लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विचार केला, की महायुद्धाचा आरंभ कोणी अवघ्या पाच अस्त्रांनी करणार नाही, यंत्रणा नवी आहे, आणि भूमीवरील रडारचा दुजोरा नाही. त्यांनी वरिष्ठांस इशारा खोटा असल्याचे कळविले. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशास यंत्राने ज्वाळा मानले होते, असे पुढे निष्पन्न झाले.

वात्स्यायनाने न्यायभाष्यात प्रत्यक्ष प्रमाणाचे विवरण करताना दिलेले दोन दाखले या प्रसंगास विलक्षण लागू पडतात. ग्रीष्मात तापलेल्या भूमीवर थरथरणारे सूर्यकिरण दुरून पाणी भासतात. तेथे इंद्रियाचा वस्तूशी संबंध खराच असतो, तरी ज्ञान व्यभिचारी, म्हणजे वस्तूपासून ढळलेले, ठरते. आणि दूरवर दिसते ते धूर की धूळ, याचा निश्चय होईपर्यंत, डोळ्यांनी पाहूनही, त्यास प्रत्यक्षाची पदवी मिळत नाही. यंत्राकडून पहिल्या दाखल्यातील प्रमाद घडला. पेत्रोव्ह यांनी दुसऱ्यातील सावधपणा राखला. न्यायसूत्रकार गौतमाने आपल्या शास्त्राच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, संशयास तिसरे आणि निर्णयास नववे स्थान दिले, ते संशयाविना निर्णयाकडे जाणारी वाट त्यास मान्य नव्हती म्हणूनच, असे मला वाटते.

परंतु गीता तर संशयात्म्याचा विनाश सांगते. मग हुकमाच्या शिस्तीत संशय आणणाऱ्या सैनिकाचा स्वधर्म कोठे उरला? गीता ज्याचा उच्छेद करावयास सांगते तो संशय अज्ञानातून उपजलेला आहे, आणि त्यासाठी ती जे शस्त्र हाती देते ते ज्ञानाचेच. प्रमाण मागणारा संशय त्या शस्त्राची धार होय. आपली पुरती खात्री नव्हती, हे पेत्रोव्ह यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या कृतीचे नैतिक मोल मला येथेच दिसते. वध करण्यासाठी प्रमाण हवे, वध न करण्यासाठी ते मागता येत नाही. पुराव्याचा भार सदैव संहार करू पाहणाऱ्यावर असतो, आणि निरपराध कोट्यवधींचा प्राण पणास लागला असता तो भार पर्वतप्राय होतो.

म्हणून उपग्रहांची दृष्टी कितीही तीक्ष्ण होवो, वर्दी आणि आज्ञा यांच्यामध्ये विचार करणाऱ्या मनुष्यासाठी अवकाश राखणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे. शीघ्रतेच्या नावाखाली जे राज्य तो अवकाश नाहीसा करील, त्याला आपल्या संहारास निर्णय म्हणण्याचा अधिकार राहणार नाही.