ही चीटिंग कुणाशी?

मार्च 2025मध्ये मौंजारो भारतात आलं आणि ‘इंजेक्शन घेऊन बारीक होणं म्हणजे चीटिंग’ हे वाक्य कानावर पडू लागलं. चीटिंग कुणाशी? आठवड्यातून एकदा सुई टोचायची. त्यातलं टिर्झेपेटाइड आतड्यातल्या दोन हार्मोन्सची नक्कल करतं आणि भूक मंदावते. (मळमळ होते ती वेगळीच.) म्हणजे आपण ज्याला संयम म्हणत होतो, त्यात हार्मोन्सचाही वाटा होता! मुळातच कमी भूक लागणाऱ्या मित्राला आपण शिस्तीचं श्रेय दिलं, जाड्या मित्राला टोमणे. इन्सुलिन घेणाऱ्या काकांना मात्र कुणी चीटर म्हणत नाही. मला खटकतं ते वेगळंच. हे औषध महिन्याला हजारो रुपये खातं, थांबवलं की बहुतेकांचं वजन परत वाढतं. ज्यांना ते परवडत नाही, त्यांना ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ हे ऐकावंच लागेल.