पाहणारे कुणी नसताना

ज्या शिखराचे नाव सांगितल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, त्या शिखरावर माणसाने का चढावे? एव्हरेस्टवरून परतलेल्याचा सत्कार होतो, छायाचित्रे छापून येतात. कष्टांचे सव्याज मोल मिळते. परंतु ज्या श्रमांची कुणी विचारपूसही करणार नाही, असे श्रम काही माणसे आवडीने करतात. हा निव्वळ छंद आहे, असे म्हणून ही आवड बाजूला सारावी, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतील नेवाडा राज्य हा अशा माणसांचा मुलूख. पश्चिमेची सिएरा नेवाडा पर्वतराजी पॅसिफिकवरून येणारे ढग अडवते आणि पलीकडे पाऊस जेमतेमच पोहोचतो. येथल्या बहुतेक नद्या समुद्राला मिळतच नाहीत. खाऱ्या सरोवरांत नाहीतर वाळूत त्यांचा शेवट होतो. राज्यात ३०० हून अधिक डोंगररांगा आहेत. दऱ्यांचा तळच कित्येक ठिकाणी ५,००० ते ६,००० फुटांवर. तेथून १०,००० फुटांच्याही वर चढायचे, तेही बहुधा पायवाटेवाचून : आधी सेजब्रशची करडी, उग्र वासाची झुडपे, मग जुनिपर आणि पिन्यॉन पाइनची ठेंगणी झाडी, शेवटी पायाखालून घसरणारे दगड. पाणी आपले आपणच वाहून न्यायचे. दिवसभरात दुसरा माणूस दृष्टीस पडेल, याचा भरवसा नाही.

माथ्यावर मात्र एक गंमत असते. दगडांच्या राशीत पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी दडवलेली असते. आत वही आणि पेन्सिलीचा तुकडा. येणाऱ्याने नाव व तारीख लिहावी, एवढाच रिवाज. एकांत शोधत आलेला माणूस तेथे नाव का लिहितो? कवी पेत्रार्क १३३६ साली फ्रान्समधील माँ वांतू पर्वतावर चढला. माथ्यावर त्याने संत ऑगस्तीन यांचे ‘कन्फेशन्स’ उघडले; डोंगर पाहून थक्क होणारी माणसे स्वतःला विसरतात, अशा अर्थाचा उतारा नेमका समोर आला आणि तो खजील झाला, असे त्याच्याच पत्रात आहे. खजील झाला खरा, पण पत्र लिहायचे काही त्याने सोडले नाही! नाव लिहिण्यात अहंकार असतोच. परंतु डब्यातल्या वहीत लिहिणारा जगाला उद्देशून लिहीत नाही. पुढे केव्हातरी दमून येणाऱ्या एका अनोळखी माणसाला तो नमस्कार सांगून ठेवतो. एवढा अहंकार क्षम्य मानायला माझी हरकत नाही.

मला शंका येते ती याद्यांची. सिएरा क्लबच्या लॉस एंजेलिस भागातील शाखेत १९४१ पासून वाळवंटी शिखरांचा एक विभाग आहे; त्याच्या यादीत शंभराच्या आसपास शिखरे आहेत. या यादीने कित्येकांना घराबाहेर काढले, हे तिचे ऋण मान्यच. पण नावापुढे खूण करण्याची घाई जडली, की पुढचे शिखर मागच्याला पुसून टाकते. जपमाळेचे मणी नुसते मोजतही ओढता येतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

शिवाय ‘अपरिचित’ शिखर म्हणजे कुणाला अपरिचित? मध्य नेवाडात माउंट जेफरसनवर, सुमारे ११,००० फुटांवर, ‘अल्टा टोकीमा’ नावाची प्राचीन वस्ती उजेडात आली आहे. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी तिचा अभ्यास केला. दगडी पायाची तीसएक घरे, चुली, दळण्याचे दगड. एक हजार वर्षांपूर्वी अख्खी कुटुंबे उन्हाळ्यात तेथे राहत, रानमेंढ्यांची शिकार करीत, बिया आणि कंद गोळा करीत. त्यांच्या चढण्याला साक्षीदार नव्हता, आणि तो असावा, असे वाटायला त्यांना सवडही नसावी. पोरेबाळे बरोबर घेऊन ती माणसे वर येत होती, ती अन्नासाठी. त्यांतल्या एकाचेही नाव कुठल्या वहीत नाही. दळण्याचे दगड तेवढे मागे राहिले.