फोटोतला आजार

कंबर धरली म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो आणि एमआरआयची पिशवी घेऊन घरी येतो. रिपोर्टमध्ये झीज, डिस्क बल्ज, नसेवर किंचित दाब. सकाळपर्यंत त्याची नुसती कंबर दुखत होती. आता ‘मणक्यात गॅप’ आहे. वाकणं बंद, वजन उचलणं बंद, जमिनीवर मांडी घालून जेवणं बंद.

१९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचा एमआरआय काढला गेला. ५२ टक्क्यांच्या निदान एका तरी मणक्याची गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठाकठीक अशी माणसं जेमतेम ३६ टक्के. पुढे २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांतही गादीची झीज आढळली. ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे फोटोत दिसतं ते खरंच असतं. दुखण्याचं कारण तेच, हे मात्र त्यावरून ठरत नाही. लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, पूर्वीचा कर्करोग, मोठा मार, असं काही असेल तर एमआरआय लगेच हवा. एरवी बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपसूक सुटते.

‘एमआरआयला किरणोत्सर्ग नाही, मग काढून घ्यायला काय हरकत?’ असं विचारतात. सोनोग्राफीलाही नाही. दक्षिण कोरियात कर्करोग तपासणीच्या मोहिमेला जोडून थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी मिळू लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान पंधरा पटींनी वाढलं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथंच राहिलं. ज्यांना त्या गाठीने कधी त्रास दिला नसता, अशा हजारोंची ग्रंथी काढली गेली आणि जन्मभराची गोळी मागे लागली. यंत्राचा खर्च यापुढे किरकोळच म्हणायचा.

आपल्याकडे यात कटची, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दलच्या कमिशनची, भर. कमिशन घेण्यादेण्याला वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत बंदी आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांच्याच तोंडून हा व्यवहार पुस्तकात मांडला. २०१७ साली महाराष्ट्रात कटविरोधी कायद्याचा मसुदा झाला. कायदा झाला नाही.

पण सगळं खापर कटवर फोडणं मला सोयीचं वाटतं, खरं नाही. ग्राहक कायद्याच्या धाकाने प्रामाणिक डॉक्टरही ‘कागद हातात असू दे’ म्हणून फोटो काढायला सांगतो. आणि ज्याने पाय उचलून पाहिला, तळपायाची संवेदना तपासली, ‘हिंडतंफिरतं राहा’ म्हणून परत पाठवलं, त्याच्याबद्दल आपणच बाहेर येऊन म्हणतो, ‘काही बघितलंच नाही हो त्यांनी!’ त्याची फी आपल्याला जड वाटते. एमआरआयचे काही हजार मुकाट्याने भरतो.

प्रत्येक चाचणीचा हिशेब मागणं सरकारला जमत नाही असंही नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यामुळे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म भरावा लागतो, कारणासकट. डॉक्टर त्या फॉर्मला किती वैतागतात हे ठाऊक आहे. एमआरआयच्या चिठ्ठीवर मात्र एकच ओळ सक्तीची करावी: या फोटोमुळे उपचारात काय बदलणार? आणि ती ओळ पेशंटला वाचता येईल अशा मराठीत असावी.