विधवेची दोन नाणी आणि माझं कोरं कार्ड

आजचे वाचन: लूक २१:१-४

येशू मंदिरातल्या दानपेटीकडे पाहतो आहे. श्रीमंत लोक येतात, दान टाकतात. मग एक गरीब विधवा येते आणि दोन छोटी नाणी टाकते. प्रभू म्हणतो, सगळ्यांपेक्षा जास्त हिनेच दिलं. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं, हिने पोटासाठी होतं तेच दिलं.

मित्रांनो, हे वाचन आपण लहानपणापासून ऐकतोय. मिस्सात फादर प्रवचनाला उभे राहिले की पुढचं आपल्याला पाठ असतं. पण गेल्या वर्षीच्या एका रात्रीपासून मला ते वेगळं ऐकू येतं. तेच आज सांगते.

मी नर्स आहे. नंदाखालची. विरारहून लोकल पकडून मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत ड्युटीला जाते. त्या रात्री आमच्याकडे बाइक अपघातातला एक मुलगा होता. वय तुमच्यापैकी अनेकांइतकंच. डॉक्टरांनी मेंदूमृत्यू जाहीर केला होता. समन्वयक त्याच्या आईशी अवयवदानाबद्दल बोलली, अगदी हळुवारपणे. मी शेजारी उभी होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग ती माझ्याकडे वळली. तीन दिवस मी तिच्या मुलाचं अंग पुसत होते, म्हणून असेल.

"सिस्टर, तुम्ही स्वतः भरलंय का हो ते कार्ड?"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. ३ ऑगस्टला अवयवदान दिनाच्या कार्यक्रमात मिळालेलं, फॉर्मसकट. कोरं. मी खरं तेच सांगितलं, "नाही."

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला काय आवडलं असतं तेच मला ठाऊक नाही. कधी विषयच निघाला नाही." आणि तिने नकार दिला. आम्ही तिला पुन्हा विचारलं नाही. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. दान मागता येतं, वसूल करता येत नाही. पण सकाळच्या रिकाम्या विरार लोकलमध्ये बसल्यावर तिचा प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसला. जे मी केलं नाही, ते करणाऱ्यांच्या बाजूला मी कुठल्या तोंडाने उभी राहते?

आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांत नर्स काही नवीन नाही. पण नर्स आहे म्हणजे हा निर्णय सोपा असेल, असं समजू नका. उलट आहे. तुम्ही पोस्टरवर हिरवी रिबन पाहता. मी पाहते ते वेगळं असतं. छाती वर-खाली होत असते, अंग गरम असतं, मॉनिटरवर ठोके दिसत असतात. मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे, हे मला माहीत आहे. कोमातला माणूस परत येऊ शकतो. मेंदूचं खोड मेलं की श्वास घ्यायची आज्ञा देणारंच कुणी उरत नाही. व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवून रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात, तरी एकही श्वास येत नाही. ही तपासणी मी पाहिली आहे. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. आणि अवयव काढणाऱ्या किंवा बसवणाऱ्या टीममधलं कुणी त्या चौघांत असू शकत नाही. १९९४ च्या कायद्याने ही काळजी घेतली आहे. त्यामुळे "कार्ड असलं की डॉक्टर लवकर हात टेकतील" ही भीती मला नव्हती. तरी डोक्याला कळलेलं हाताला कळत नव्हतं. पेन उचललं की ती गरम त्वचा आठवायची.

आणि मग हे वाचन समोर आलं. मी त्याला नेहमीसारखं लावायला गेले. अवयवदान करणारा म्हणजे ती विधवा, सर्वस्व देणारी. पण ते बसेना. नीट विचार करा. मी मेल्यावर माझं मूत्रपिंड माझ्या काय कामाचं? हृदय, यकृत, डोळे, कशाचीच मला गरज उरलेली नसणार. म्हणजे मी देणार ते उरलेल्यातूनच. दानपेटीपाशी मी त्या श्रीमंतांच्या रांगेत आहे!

ती विधवा कोण मग? आयसीयूबाहेर बसलेली आई. तिच्याकडे त्या रात्री उरलेलं असं काहीच नव्हतं. होती ती मुलाच्या गरम अंगाची शेवटची दोन घटका, आणि आपण तीच तिच्याकडे मागत होतो. आपल्या देशात कार्ड असलं तरी प्रत्यक्षात घरच्यांच्या संमतीशिवाय पुढे जात नाहीत. मी मजेत सही करून मोकळी होईन, किंमत मात्र माझी आई मोजेल.

हे कळल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक, कार्डाबद्दलचा मोठेपणा गळून पडला. जिवंतपणी देणारे वेगळे. केरळमध्ये पाला धर्मप्रांताचे साहाय्यक बिशप जेकब मुरिकन यांनी २०१६ मध्ये नात्यागोत्यात नसलेल्या एका हिंदू तरुणाला आपलं मूत्रपिंड दिलं. ती विधवेची नाणी. ते पाचारण सगळ्यांना नसतं. पण प्रभूने श्रीमंतांचं दान परत केलं नाही, फक्त त्याचा मोठेपणा काढून घेतला. मग इतकं स्वस्त दान देतानाही मी का कचरतेय?

दुसरी गोष्ट अवघड होती. आईशी बोलणं.

रविवारी दुपारी आई ओट्याशी सुके बोंबील साफ करत होती. मी विषय काढला. तिने वर न बघताच विचारलं, "आणि शेवटच्या दिवशी उठशील कशी? डोळे नाहीत, काळीज नाही."

हसू नका, हा प्रश्न खरा आहे. शरीराच्या पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे, आणि शरीर म्हणजे फेकायचं टरफल, असं आपण मानत नाही. मी तिला म्हटलं, "आई, अर्नाळ्याचे कोळी समुद्रात गेले, परत मिळालेच नाहीत. देव त्यांना उठवणार नाही का?" ती थांबली. मग मी सांगितलं की पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात अवयवदानाला रोजच्या जगण्यातलं शौर्य मानलं, आणि २००० साली प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांच्या जागतिक परिषदेत जाऊन त्याला प्रेमाची कृती म्हटलं. हेही सांगितलं की अवयव काढल्यावर शरीर नीट शिवून परत देतात, शवपेटीत चेहरा दिसतो, मिस्सा होते, दफन होतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या पप्पांच्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तुझ्या वेळीही मी रडत असेन. मला काही सुचणार नाही. तेव्हा मला आठवण करून द्यायला कुणीतरी हवं."

म्हणून धाकट्या भावालाही बोलावलं. त्याच्यासमोर मी स्पष्ट सांगितलं, तुम्हाला ठरवायचं नाही, मी ठरवलंय. फॉर्मवर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यातला किमान एक जवळचा नातेवाईक. एक सही भावाने केली. दुसरी आईने, पदराला हात पुसून. माझी आईही विधवाच आहे. त्या सहीला तिला जे पडलं, ते माझ्या सहीला मला पडलं नाही.

तरुण मित्रांनो, आता आधार नंबर टाकून नोट्टोच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत प्रतिज्ञा करता येते. बोरिवली यायच्या आत होईल. जरूर करा. पण ती क्लिक तुमच्या आईला ऐकू जात नाही. त्या मुलाने एकदा जेवताना "मला चालेल" किंवा "मला नको" एवढं म्हटलं असतं, तरी त्याच्या आईचं त्या रात्रीचं ओझं हलकं झालं असतं. तुमचं उत्तर नाही असेल तर तेही सांगा. तोसुद्धा तिच्यावरचा उपकारच.

ती आई मला पुन्हा भेटलेली नाही. पण कुणी विचारलंच, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.

आजची कृती: आज रात्री जेवताना घरी हा विषय काढा. फक्त काढा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू दानपेटीसमोर त्या विधवेला पाहिलंस, तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येक आईलाही पाहा. ती हो म्हणो वा नाही, तिला एकटी सोडू नकोस. आणि आम्हाला, ज्यांच्याकडे अजून वेळ आहे, बोलायचं धैर्य दे. आमेन.